चिवट मांस, चिकट बोटं

बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या बाजारपेठेत एखाद्या भांड्यांच्या दुकानात शिरून ‘स्लो कुकर आहे का?’ असं विचारून बघा. दुकानदार आधी राइस कुकर दाखवील, मग इंडक्शन काढील आणि शेवटी म्हणेल, ‘मागवून देतो, पण साहेब, ते करतं काय?’ करतं एवढंच की मटण आठ तास शिजवतं. त्यावर तो तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल, त्यात त्याची काही चूक नाही. चार शिट्ट्यांत डाळ, भात आणि बटाटे एकदम उरकणाऱ्या मुलखात आठ तास लावणारं यंत्र पैसे मोजून कोण घेणार?

घेणारे घेतात, कारण खाटकाकडचा सगळ्यात स्वस्त माल त्यात सगळ्यात चांगला होतो. पाया, नळी, मान, शेपूट, सीना. ज्याला गिऱ्हाईक नाक मुरडतं ते सगळं. या मालाच्या आणि मंद आचेच्या गमती शोधायला निघालं की अमेरिकेपासून सुरुवात होते आणि बऱ्याचशा आपल्याच मराठवाड्यात सापडतात.

फुकटचा कुकर

मातीच्या चुलीला मुख्य तोंडाशेजारी आणखी एक तोंड असायचं, वैल. त्याच्याखाली कुणी लाकूड सारत नाही. चुलीतली धग आतल्या भोकातून तिथे पोचते. पुढे तव्यावर भाकरी, बाजूला वैलावर कालवण. बाईचं लक्ष भाकरीवर आणि कालवण आपलं आपण रटरटतंय. जाळ संपला तरी निखारे आणि गोवऱ्यांची राख तासन्‌तास ऊब धरून राहते. स्लो कुकर म्हणजे हाच वैल, फक्त विजेवरचा. बाहेर धातूचं कवच, त्याच्या आत भोवतीनं तापणारी तार, मध्ये जाड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण.

त्याला ‘लो’ आणि ‘हाय’ अशी दोन बटणं असतात. बहुतेक कुकरांत ही दोन्ही बटणं शेवटी जवळपास एकाच तापमानाला, उकळीच्या आसपास, पोचतात. फरक फक्त किती वेळात पोचतात याचा. तेव्हा ‘हाय’वर ठेवलं म्हणून जळेल आणि ‘लो’वर ठेवलं म्हणून कच्चं राहील, ही भीती काढून टाका.

विजेचं बिल? 200 वॅटचा कुकर सलग 8 तास चालला तर 1.6 युनिट. घरातला गीझर तेवढी वीज तासाभरात खातो.

जो राबतो तो चिवट

जनावराच्या अंगात ज्या स्नायूला काम जास्त, तो चिवट जास्त. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू जन्मभर जवळजवळ आराम करतो म्हणून तो मऊ, म्हणून महाग. पाय अंगाचं वजन पेलतात, मान दिवसभर खाली वाकून चरते, शेपूट माश्या हाकते. या सगळ्या भागांत स्नायू एकमेकांशी आणि हाडाशी बांधून ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. त्याचे तीन धागे दाव्यासारखे पीळ घालून एकत्र विणलेले असतात. हा पीळ दातांनी सुटत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली तर साधारण 70 अंशांच्या पुढे तो हळूहळू उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होतं. तेच ते रश्श्याला दाटपणा देणारं, ओठाला ओठ चिकटवणारं.

पण हे काम मिनिटांत होत नाही, त्याला तास लागतात. म्हणूनच अर्ध्या तासाने पाया चाखून ‘अजून वातड आहे’ म्हणणारा बरोबर असतो, दोन तासांनी चाखणाराही बरोबर असतो, आणि मग कंटाळून गॅस बंद करणारा मात्र चुकतो. मऊ, महाग तुकड्याचं नेमकं उलटं. त्यात विरघळायला कोलॅजेनच फारसं नाही. त्याला आठ तास ठेवलं तर हातात कोरडा भुसा येईल. महाग मटण आणून स्लो कुकरमध्ये टाकणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

जिलेटिनची आणखी एक खोड. गार झालं की ते थिजतं आणि साधारण 35 अंशांच्या आसपास वितळतं. थंडीच्या दिवसांत रात्रीचा पायाचा रस्सा सकाळी पातेल्यात थरथरताना दिसतो. एप्रिलमध्ये फ्रीजबाहेर ठेवाल तर आपल्या बीड जिल्ह्याच्या उन्हात तो थिजायचा नाही, नासेल मात्र नक्की. या वितळण्यानं एकेकाळी जीवाणूशास्त्रज्ञांनाही जेरीस आणलं होतं. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जीवाणू जिलेटिनच्या थरावर वाढवत. ऊब दिली की थर पातळ व्हायचा आणि काही जीवाणू तर जिलेटिनच फस्त करायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याऐवजी समुद्री शेवाळापासूनचं अगार सुचवलं. त्या ते स्वयंपाकात वापरत होत्या. आज जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जी बशी असते, तिच्यात अगार आहे ते एका गृहिणीमुळे.

कायद्याचं काय?

आता बीफचा प्रश्न. अमेरिकेतली स्लो कुकरची पुस्तकं गायी-बैलांच्या स्वस्त तुकड्यांवर उभी आहेत. महाराष्ट्रात तो विषय बंद आहे. गोहत्येवर बंदी 1976 च्या कायद्यानं आलीच होती. 1995 मध्ये विधिमंडळानं केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मार्च 2015 मध्ये मिळाली आणि वळू-बैलही त्या यादीत गेले. कत्तलीला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

उरली म्हैस. तिच्या कत्तलीला सरकारी दाखला लागतो आणि शेतीकाम, दूध किंवा पैदाशीला ती उपयोगी असेल तर तो मिळत नाही. याचा स्वयंपाकाशी संबंध असा की, जनावर जितकं वयस्क तितकं त्याचं कोलॅजेन पक्कं विणलेलं आणि विरघळायला तितकं हट्टी. म्हणजे आपल्याकडे जे ‘बड्याचं’ कायद्यानं मिळतं, ते कायद्यामुळेच म्हातारं आणि चिवट असतं. अमेरिकेत तीन-चार तासांत होणारी कृती इथे सहा-सात तास मागते. परदेशी पुस्तकातला वेळ जसाच्या तसा पाळून ‘आमच्याकडचं मांसच वाईट’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सिरसाळ्यात, परळीत बहुतेक घरांत मटण म्हणजे बोकडाचं. त्याचे पाये, मुंडी, वजडी हा त्यातला स्वस्त माल. पुढचं सगळं त्यालाही तसंच्या तसं लागू आहे.

शनिवारच्या जेवणाचं पेटंट

स्लो कुकरच्या जनकाचं नाव अर्व्हिंग नॅक्सन. शिकागोचा इंजिनिअर. त्याची आई लिथुआनियातून आलेली. ती सांगायची की विल्नामध्ये शुक्रवारी दुपारी आई तिला मांस, घेवडे आणि बटाटे भरलेलं भांडं देऊन बेकरीत पाठवायची. ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत चूल पेटवायची नाही. बेकरीची भट्टी मात्र विझली तरी रात्रभर ऊब धरून असायची. गल्लीतल्या सगळ्यांची भांडी त्यात, आणि शनिवारी गरमागरम चोलंट. मांस अर्थातच स्वस्तातलं.

नॅक्सननं हे ऐकून विजेवर मंद तापणारं भांडं बनवलं, 1936 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1940 मध्ये ते मिळालं. बाजारात त्याला ‘नॅक्सन बीनरी’ म्हणत, म्हणजे घेवडे शिजवायचं यंत्र. 1970 मध्ये रायव्हल कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावानं आलं. नोकरीला जाणाऱ्या अमेरिकन बायकांनी सकाळी बटण दाबून घर सोडलं आणि संध्याकाळी जेवण तयार मिळालं. घेवड्यांचं यंत्र अचानक घराघरांत गेलं.

शनिवार पाळणाऱ्यांची गोष्ट आपल्याला परकी नाही. कोकणातले बेने इस्रायल ज्यू घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून रायगडच्या गावांत त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच.

अमेरिकेतल्या मुलाकडून क्रॉक-पॉट आणवणार असाल तर मात्र थांबा. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. थेट सॉकेटात घातलात तर तापणारी तार जवळपास चौपट ताकदीनं तापेल आणि पाया शिजायच्या आधी कुकर शिजेल.

बारा हंड्या आणि मोगलाई

मंद आचेवर स्वस्त मांस शिजवण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा नमुना मुंबईत भेंडी बाजाराच्या बोहरी मोहल्ल्यात आहे, बारा हंडी. भट्टीच्या ओट्यात हंड्या बसवलेल्या. एकीत पाया, एकीत नळी, एकीत पिछोटा म्हणजे शेपूट, एकीत निहारी. रात्रभर मंद धगीवर झाकून ठेवलेल्या. गिऱ्हाईक आलं की वाढणारा लांब दांड्याच्या पळीनं या हंडीतलं थोडं, त्या हंडीतलं थोडं असं एका वाडग्यात घालतो. मिसळीचं गणित गिऱ्हाइकागणिक बदलतं. वर खमिरी रोटी. 2015 नंतर हंड्यांतलं मांस बदललं, म्हशीचं आलं. हंड्या तशाच राहिल्या.

आमच्या मराठवाड्याचा दावा त्याहून जुना आहे. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया म्हणे मुहंमद बिन तुघलकाच्या फौजेबरोबर आला. 1327 च्या सुमारास त्यानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, एवढ्या माणसांना रस्त्यात खाऊ घालायला तंदूरच्या टिकाऊ नानी आणि मोठ्या देगींमधलं मांस, असा तो किस्सा. तुघलकाच्या माथी बरंच काही मारलं जातं, त्यात हेही एक असेल. राजधानी परत दिल्लीला गेली, खलिया मात्र इथेच राहिला, हे खरं. लग्नाच्या जेवणात लाकडावर चढवलेली देग, वर इंचभर तांबूस तर्री, आत तासन्‌तास मुरलेलं मांस. तर्री पाहून घाबरणाऱ्यांनी वाढप्याला ‘खालचं दे’ म्हणावं, तो समजतो.

बीड 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. ‘मोगलाई’ हा शब्द आमच्या आजी-आजोबांच्या तोंडात हॉटेलच्या मेनूकार्डाच्या कितीतरी आधी होता, आणि त्याचा अर्थ पनीरशी लागत नव्हता. त्या राज्याच्या राजधानीतलं हलीम म्हणजे मंद आचेचा कळसच. गहू, डाळी आणि मांस लाकडाच्या भट्टीवर 12 तासांपर्यंत शिजवत आणि घोटत राहायचं, मांसाचा धागा वेगळा ओळखू येणार नाही इथवर. निजामाच्या पदरी आलेल्या अरब शिपायांच्या हरीस या पदार्थापासून ते निघालं. 2010 मध्ये हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाच्या पदार्थाला देशात मिळालेलं ते पहिलं. त्या अरबांचे वंशज चाऊस आडनावानं आजही मराठवाड्याच्या गावागावांत आहेत.

विदर्भात नागपूरच्या सावजी भोजनालयात जा. तिथे ‘खूर’ आणि ‘सुंदरी’ मिळेल. खूर म्हणजे पाये. सुंदरी म्हणजे बोकडाचं आतडं. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला विनोदाची जाण होती.

पुस्तकात न आलेली चूल

स्वस्त मांसाचं बोलायचं आणि ते कुणाच्या वाट्याला आलं हे सांगायचं नाही, असं चालणार नाही. धाराशिव जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, याची ती नोंद. 2024 मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावानं निघाला. त्यातल्या पाककृतींत तेल, तूप, दूध जवळपास नाही, कारण ते परवडतच नव्हतं. चरबी जी काय ती जनावराची. हाताशी आलेलं मांस एकदम संपणारं नसायचं, त्याच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात कामं बंद आणि घरात काही नाही अशा दिवसांत त्याच निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर शिजत ठेवायच्या. वाळलेलं मांस मऊ व्हायला किती वेळ लागत असेल, याचा हिशेब चुलीपुढं बसलेल्या बाईनंच द्यावा.

मेलेल्या जनावराची विल्हेवाट लावणं ही त्या काळी लादलेली चाकरी होती, आणि त्याचं मांस हा तिचा मोबदला. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते खाणं सोडा, असं सांगितलं. त्याच मुक्कामी 20 मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. त्यामुळे आज कुणी वजडी-पायाला ‘विस्मृतीत गेलेली चव’ म्हणून शहरातल्या हॉटेलात मांडतं तेव्हा जरा थबकायला होतं. विस्मृतीत कुणाच्या?

साहेबांची हाडं

चिवट मांस झटपट शिजवायची खटपटही जुनी आहे. फ्रेंच डॉक्टर डेनिस पापँ यानं 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. नाव ‘डायजेस्टर’. उद्देश सरळ होता, गरिबांच्या वाट्याला हाडं येतात तर ती तरी पोटात जावीत. 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सदस्यांना त्यातलं जेवण मिळालं. जॉन एव्हलिननं रोजनिशीत लिहून ठेवलंय की गोमांसाची आणि मटणाची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती आणि त्याला लागला पाव किलोहूनही कमी कोळसा. भांडं फुटू नये म्हणून पापँनं सुरक्षा झडप बसवली. आपल्या शिट्टीची ती पणजी.

प्रेशर कुकर वाफेचा दाब वाढवून पाण्याला 120 अंशांपर्यंत नेतो, म्हणून आठ तासांचं काम पाऊण-एक तासात होतं. मग स्लो कुकर हवाच कशाला? माझं मत असं: घाई असेल तर शिट्टीला पर्याय नाही, आणि पायाचं सूप शिट्टीतही फक्कड होतं. पण मांसाचा तुकडा अख्खा राहून आतून विरघळावा, हाडाला धरून राहावा आणि चमच्यानं सुटावा, असं हवं असेल तर मंद आचच हवी. कुकरमध्ये एक शिट्टी कमी पडली की वातड, एक जास्त झाली की गाळ. स्लो कुकरमध्ये तासभर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही.

आपल्या देशात या दोघांच्या मधलं एक यंत्र होऊन गेलं. 1910 मध्ये कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, बाहेरून नळकांडं, त्यात पाणी आणि तळाशी कोळशाची छोटी शेगडी. एका डब्यात भात, एकात डाळ, एकात मांस. लावून कामाला जायचं, परत येऊन जेवायचं. क्रॉक-पॉटच्या एकसष्ट वर्षं आधी.

पाया, सिरसाळा पद्धतीनं

आता प्रत्यक्ष काम. आठ पाये घ्या. खाटकाकडून भाजून आणलेत तरी घरी पुन्हा बघा, खुरांच्या बेचक्यात केस राहतातच. निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्वाळेवर फिरवून सुरीच्या पाठीनं खरवडा. जळक्या केसांचा वास घरभर होईल, खिडकी उघडा. मग ज्वारीचं पीठ आणि हळद चोळून दोन-तीन पाण्यांत धुवा. एकदा उकळी आणून ते फेसाळ पाणी ओतून द्या. रस्सा स्वच्छ हवा असेल तर ही पायरी टाळू नका.

कांदा आणि सुकं खोबरं जाळावर भाजून, आलं-लसणासोबत वाटा. वाटण तेलात परतून काळं तिखट घाला, पाये त्यात खमंग होईपर्यंत फिरवा आणि सगळं कुकरच्या भांड्यात. पाणी गरम घाला आणि नेहमीपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी, कारण झाकणाखालची वाफ परत आतच पडते. रात्री दहाला ‘लो’वर लावा. सकाळी सातला झाकण उघडाल तेव्हा वर तेलाचा तवंग, खाली गडद रस्सा, आणि पायाची कातडी बोटानं दाबली तर दबते, सोडली तर हळूच वर येते.

आणि मग येसर. भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं हे पीठ म्हणजे मराठवाड्याची खरी मिरास. दोन चमचे येसर थंड पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात घाला. आधी घातलंत तर तळाला बसेल. मीठही याच वेळी चाखून. सोबत ज्वारीची भाकरी, ती चुरायची. पाया चमच्यानं खाणाऱ्याशी आमचं भांडण नाही, पण हाडातली नळी चोखायला चमचा काय कामाचा?

‘बड्याचं’ असेल तर नळीचे किंवा मानेचे तीन-चार इंची तुकडे, कृती हीच, वेळ दोन तास जास्त.

जाता जाता

मांस आधी परतलं की ‘रस आत कोंडला जातो’ ही समजूत एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिख यांनी पसरवली आणि ती चूक आहे. रस बाहेर येतोच. तरीही परता, कारण खमंग चव तांबूस झालेल्या पृष्ठभागातच असते आणि स्लो कुकरच्या ओल्या उबेत ती कधीच तयार होत नाही.

कच्ची पपई लावायची सवय असेल तर इथे सोडा. पपईतलं पपेन 50 ते 70 अंशांदरम्यान सगळ्यात जोमात असतं आणि स्लो कुकर तापताना त्याच टप्प्यात बराच वेळ रेंगाळतो. मांसाचं पिठलं होईल.

मटण शिजत नसेल तर सुपारीचं खांड टाका, असा सल्ला घरोघरी मिळतो. सुपारीनं मटण शिजतं, की सुपारी टाकून माणूस अर्धा तास गप्प बसतो म्हणून शिजतं, याचा निकाल ज्यानं त्यानं लावावा.

झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो.

राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकणं धोक्याचं आहे. त्यातलं विषारी द्रव्य खळखळत्या उकळीत नष्ट होतं, कमी उष्णतेत होत नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, किमान दहा मिनिटं जोरात उकळा, मगच.

फ्रीजरमधला गोळाही थेट टाकू नका. 5 ते 60 अंशांच्या मधला वेळ जीवाणूंचा असतो. तो जितका लांबेल तितकं पोट बिघडायची शक्यता जास्त.

भारनियमन? औष्णिक वीज केंद्र परळीत असून आपल्याला हा प्रश्न पडतो, यातच काय ते आलं. 2013 च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून ते केंद्रच बंद पडलं होतं. दक्षिण आफ्रिकेत 2008 मध्ये असाच वीजकपातीचा कहर होता, तेव्हा सारा कॉलिन्स या बाईनं ‘वंडरबॅग’ काढली. उकळतं पातेलं जाड गादीच्या पिशवीत गुंडाळायचं आणि विसरून जायचं. आपल्या उबेत ते शिजतं. त्याच तत्त्वाची नॉर्वेची पेटी 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ठेवली होती. आपल्याकडे गोधडी आहे. वीज गेली आणि तुम्ही घरी असाल तर भांडं गॅसवर चढवून एक उकळी आणा, झाकण घट्ट लावा, जुन्या गोधडीत गुंडाळा. बाहेरगावी गेला होतात आणि वीज किती वेळ नव्हती हे माहीत नसेल, तर मन घट्ट करून ओतून द्या.

स्वस्ताई किती दिवस?

स्वस्त तुकडा चवदार आहे ही बातमी फुटली की तो स्वस्त राहत नाही. टेक्सासमधला ब्रिस्केट, म्हणजे गायीच्या छातीचा भाग, खाटीक जवळपास फुकट द्यायचे. धुरावर बारा तास भाजायची रीत लोकप्रिय झाली आणि आता त्यासाठी रांगा लागतात. जमैकाच्या गुलामांच्या वाट्याला आलेली बैलाची शेपटी आज अमेरिकेत चांगल्या मांसाच्या भावानं जाते. कोंबडीचे पंख सूपात टाकायचे. 1964 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका बारनं ते तळून तिखट सॉसमध्ये घोळले आणि पंखांचं नशीब पालटलं. आपल्याकडे मोडलेल्या हाडाला पाया सूप, बाळंतिणीला पाया सूप, गुडघेदुखीला पाया सूप. खाटकाच्या दुकानात पायांची जोडी आता मागच्या खिळ्यावर टांगलेली दिसत नाही, ती पुढे आली आहे. तेव्हा रविवारी पाया करायचा विचार असेल तर शनिवारी संध्याकाळीच फोन करून सांगून ठेवा. सकाळी नऊनंतर गेलात तर फक्त खिमा मिळेल.